बाळंतझिऱ्याचा साक्षीदार

"बाई, पिशवीत दगड भरले का?"

"हो. दगडच आहेत."

जीपवाल्याचा हात पिशवीच्या बंदावरच थांबला. सोनाळ्याच्या स्टँडवर गेली सहा वर्षं तो लोकांचं सामान टपावर चढवत होता. पोती, पेट्या, कोंबड्यांच्या टोपल्या, एकदा तर नवरीचं आख्खं कपाट... पण दगडही प्रवासाला निघतात, हे त्याला नवीन होतं.

"खरंच?"

"उघडून बघा की."

त्यानं खरंच उघडून पाहिलं. काळे, करडे, एक विटकरी लाल, आणि प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून आकडा घातलेला. त्यानं त्यातला एक काळा धोंडा उचलला. उलटासुलटा केला.

"हा तर माह्या बांधावरचा वाटते."

"असेलही. साडेसहा कोटी वर्षांचा आहे."

"मंग याले फुल तिकीट लागन," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "बारा वर्षांच्या वर हाफ चालत नाही आमच्याकडे."

धम्मशीला हसली. हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. अनोळखी गाव, अनोळखी जीप, त्यात ड्रायव्हर असा वरवर साधा आणि डोळ्यांत मिस्कील... पण ओठ तिचं ऐकेनात. जानेवारीची सकाळ होती, तोंडातून वाफ निघत होती, आणि ती वाफ हसण्याबरोबर त्याच्या दिशेनं गेली. मागे अकरा माणसं आधीच कोंबलेली, त्यामुळे तिला पुढची जागा मिळाली. त्याच्या शेजारची.

"पुण्याच्या का तुम्ही?"

"देऊळघाटची."

"मंग अशा काऊन बोलता?"

"कशा?"

"बातम्या सांगितल्यासारख्या."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. बोलणं त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. सहा वर्षं पुण्यात राहून भूगर्भशास्त्र शिकताना तिनं 'मले'चं 'मला' केलं होतं, 'काऊन'चं 'का' केलं होतं. कोणी हसू नये म्हणून. आता गावाकडच्या जीपमध्ये बसल्यावर एक जण हसत होता तो नेमका याच कारणासाठी. म्हणजे कुठं जावं माणसानं?

"नाव काय म्हणलं तुमचं?"

"सांगितलं कुठं अजून? धम्मशीला."

"मी प्रसेनजित. आंबाखोरीचा. सहा एकर संत्रा, ही जीप, अन् काही नाही," तो म्हणाला, आणि मग गिअर टाकता टाकता, "आंबाखोरीत काय काम काढलं?"

काम होतं, आणि ते शनिवारच्या दुपारी बाराच्या आत व्हायचं होतं. आज बुधवार.

धम्मशीला नोकरीला होती त्या कार्यालयात राज्यातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची आणि लाव्हाच्या खडकांची एक यादी तयार होत होती. यादीत चौदाव्या ओळीवर आंबाखोरीचा झरा होता. ती ओळ तिनं स्वतः घातली होती. आणि त्या ओळीसमोर जुन्या पाहणीवरून लाल शाईत लिहिलेलं होतं – 'शेरा : अस्तित्वात नाही.' चार वर्षांपूर्वी कुणी एक साहेब आंबाखोरीच्या पारावर अर्धा तास बसले, चार माणसांना विचारलं, चहा घेतला आणि निघून गेले. तेवढ्यावर झरा कागदावरून गेला.

पण तिची आजी, केसरबाई, आंबाखोरीची माहेरवाशीण होती. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, सगळे पोटापाण्यासाठी पांगले, पण आजी जिवंत होती तोवर थंडीच्या दिवसांत चूल फुंकता फुंकता हमखास म्हणायची, "माह्या माहेरी चूल न पेटवता ऊन पाणी भेटे वं..." ती गेली तेव्हा धम्मशीला आठ वर्षांची होती. ते ऊन पाणी मात्र तिच्या डोक्यात राहिलं, आणि त्याच पाण्याच्या मागे मागे ती दगडांच्या अभ्यासापर्यंत आली होती.

"आजीच्या आठवणींना आपल्याकडे रकाना नाही गं," अनुपमा मॅडम म्हणाल्या होत्या. मॅडम मनानं वाईट नव्हत्या. "शनिवारी बाराला यादी बंद होते. मोजलेला आकडा आण, तो लाल शेरा मी माझ्या हातानं खोडते. नाहीतर सगळी ओळच काढावी लागेल."

लाल शाईनं तिच्या आजीला खोटं पाडलं होतं. धम्मशीलेला सहन होत नव्हतं ते एवढंच.

पारावर चार म्हातारे उन्हाला बसले होते. मधले शेषराव सगळ्यांत वडीलधारे, डोक्याला मफलर गुंडाळलेले. धम्मशीलेनं नमस्कार केला, वही उघडली आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "काका, इथे परिसरात कुठे उष्ण पाण्याचा झरा आहे का?"

"उष्ण?" शेषराव काळजीत पडले. "उष्णता झाली का पोरी? सब्जा भिजू घाल रातच्याले. सकाळी उपाशीपोटी घेत जाय."

प्रसेनजित जीपला टेकून उभा होता. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. धम्मशीलेनं त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर जीप घेऊन पळाला असता.

"गरम पाणी, काका," ती पुन्हा म्हणाली. "जमिनीतून निघणारं."

एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं आपल्या चपलांकडे. मग शेषराव जरा घाईनंच म्हणाले, "नाही बा. गरमगिरम काही नाही आमच्याकडे."

आपली टिंगल चाललीय, असं तिला वाटलं. तिनं वही मिटली आणि सरळ नाल्याची वाट धरली. दहा पावलं गेली असेल नसेल, तर मागून आवाज.

"ओ मॅडम! दगडाची पिशवी कोण उचलन?"

"तुमच्या फेऱ्या नाहीत का?"

"रवी चालवून राह्यला जीप. माहा दोस्त आहे," प्रसेनजितनं पिशवी खांद्याला लावली. "मी हसलो म्हून तुम्ही चिडल्या. त्याची भरपाई."

ती भरपाई दोन दिवस चालली.

दोघांनी तीन नाले पालथे घातले. धम्मशीला गुडघाभर पाण्यात उतरायची, तापमापक धरायची, आकडा सांगायची. तो काठावर बसून वहीत लिहायचा. अक्षर त्याचं सुबक होतं, हे तिनं मनात टिपून ठेवलं. एकोणीस अंश. साडेएकोणीस. पुन्हा एकोणीस. एकदा चक्क अठ्ठावन्न आला – तेव्हा कळलं, तापमापक त्यानं थर्मासमधल्या चहात बुडवला होता.

"सापडला ना झरा?" तो म्हणाला. "घ्या, अर्धा अर्धा."

रागवायचं असतं अशा वेळी. ती चहा प्यायली.

दगडांचं त्याला मनापासून कुतूहल होतं. सातपुडा इथे अंगावर येईल इतका जवळ, आणि कड्यामध्ये थरावर थर रचलेले काळ्या कातळाचे. ती सांगू लागली, की हा सगळा एकेकाळचा लाव्हा. जमिनीला भेगा पडल्या, तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला.

"अन् तो लाल पट्टा काय मधात?" कड्याकडे बोट दाखवत त्यानं विचारलं.

"तो विसावा. एक लाव्हा निवला, त्याची माती झाली, तिच्यात झाडंझुडं आली... आणि मग वरून दुसरा आला. जाताना त्या मातीला विटेसारखी भाजून गेला."

"म्हंजे मधात बरीच सवड भेटली होती."

"हजारो वर्षं."

"आपल्याले शनिवारपर्यंतच आहे," तो म्हणाला, आणि संत्र्याची फोड तिच्या हातावर ठेवली.

त्या 'आपल्याले'वर ती अडखळली. फोड गोड होती, थोडी आंबटही, आणि त्याची बोटं... संत्र्याच्या सालीचा वास लागलेली. तिनं हात मागं घेतला खरा, पण जरा उशिरानं.

"पण साडेसहा कोटी वर्षांनी पाणी अजून ऊन कसं राहीन?" त्यानं विषय बदलला. बदलला, की तिला सावरायला वेळ दिला? "आमचा चहा दोन मिनिटांत थंड होते."

"लाव्हा कधीच गार झाला. ही ऊब त्याची नाहीच. डोंगराच्या पायथ्याशी जमीन फार खोल चिरलेली आहे. पावसाचं पाणी त्या चिरेतून खाली जातं, खालची ऊब घेतं आणि दुसऱ्याच वाटेनं वर येतं. कधीकधी शेकडो वर्षांनी."

"एवढ्या खोल जाते, अन् ऊब घेऊन वापस येते," तो म्हणाला. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिनं ते न दिसल्यासारखं केलं.

शुक्रवारी दुपारी शेवटच्या नाल्यानंही एकोणीस अंशच दाखवले. धम्मशीला बुटांत पाणी भरलेलं असताना तशीच एका दगडावर बसली.

"झालं," ती म्हणाली. "उद्या ओळ जाणार. चला, मला सोनाळ्याला सोडा."

तो 'असं नाही, तसं नाही' असली समजूत घालत बसला नाही. बुटातलं पाणी तेवढं ओतून दिलं, बूट तिच्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "सोडतो. पण चहा पिऊन. ओले पाय घेऊन तुम्हाले जाऊ देलं, तर माही मोठी आत्या मले घरात घेणार नाही."

मोठी आत्या म्हणजे मनकर्णाबाई. ऐंशीला टेकलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण नजर सुईत दोरा ओवायची. अर्ध्या आंबाखोरीची नाळ त्यांनी कापली होती; प्रसेनजितचीही. चुलीपाशी जागा करून त्यांनी धम्मशीलेचे पाय शेकायला लावले आणि विचारलं, "काय शोधून राह्यली वं ही पोरगी दोन दिवसापासून?"

"आजी, मी उष्ण पाण्याचा..." धम्मशीलेनं सवयीनं सुरुवात केली, आणि तिथंच तिचे डोळे भरून आले. दोन दिवसांचा थकवा, लाल शेरा, आणि चुलीचा तो धूर – अगदी तिच्या आजीच्या चुलीचा. पुण्याची मराठी एका क्षणात गळून पडली. "माह्या आजीनं सांगतलं होतं वं! चूल न पेटवता ऊन पाणी भेटे म्हणे. माह्या बाबाच्या वक्ताले ते इथी बाळंतपणाले आली होती, तवा पाठीवर तेच पाणी घेतलं तिनं. अन् आता कागदावर लिहिलं का असं पाणीच नाही! माही आजी खोटं बोलत नव्हती..."

मनकर्णाबाईंच्या हातातली फुंकणी थांबली.

"कोण आजी तुही?"

"केसरबाई."

"केसर? रंगरावाची केसर? देऊळघाटच्या माणिकरावाले देलेली?"

"हाव."

म्हातारीनं पुढं होऊन तिची हनुवटी धरली आणि चुलीच्या उजेडात तिचा चेहरा निरखून पाहिला. "नाक तेच आहे," ती म्हणाली. "अवं, तुह्या बापाले पह्यलं पाणी घातलं तवा मी बाजूले उभी होती. नवीन नवीन सुईणकाम शिकत होती सासूच्या हाताखाली. बाळंतझिऱ्याचं पाणी ते!"

"बाळंत...?"

"झिरा. बाळंतझिरा. असं इचाराचं ना! अन् तू गड्यायले इचारत फिरली?"

दारात चहाचे कप घेऊन उभ्या प्रसेनजितनं आ वासला. "आपल्या गावात झिरा आहे? मले काऊन नाही माहीत?"

"तुहं लगन झालं का?" मनकर्णाबाईंनी उलट विचारलं. "मंग तुले कसा माहीत राहीन?"

मग त्यांनी सांगितलं. झिरा बायांचा. बाळंतिणीनं तिथं न्हायचं, पाठ शेकायची. गडीमाणसानं घागरदगडाच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. आयुष्यात एकदाच टाकायचं – घरात पहिलं लेकरू झालं, की बापानं झिऱ्यावर जायचं आणि बाळाच्या पहिल्या अंघोळीची घागर आणायची. आणली, की तोंडाला कुलूप. बोलला तर पाणी निवतं.

धम्मशीलेला पारावरच्या त्या चपलांकडे पाहणाऱ्या नजरा आठवल्या. चौघांनीही घागर आणलेली होती!

"गावच्या विहिरीवर आपल्याले तवा वेगळं उभं राहा लागे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "झिऱ्यावर नाही. तिथी कोण्या घरची बाळंतीण येवो, जागा एकच होती. आता दवाखाने झाले, लय चांगलं झालं. बाया मरत होत्या, त्या वाचल्या. पण नऊ वर्षं झाले, झिऱ्यावरून एक घागर गेली नाही. मी गेली का नाव बी जाईन..." त्या थांबल्या, आणि एकदम आवाज चढला. "अन् कोण म्हणते बे नाही म्हून? कोणाले इचारलं त्यानं?"

"पारावर," धम्मशीला म्हणाली.

"पारावर बाळंतिणी बसतात का?"

यावर प्रसेनजितच्या हातातला चहा सांडला, आणि धम्मशीला डोळे पुसता पुसता खळखळून हसली.

"उद्या तांबडं फुटता फुटता निघू," मनकर्णाबाईंनी निकाल दिला. "फोटो काढाचा नाही. अन् कागदावर नाव लिहाचं ते बाळंतझिराच. गरमगिरम नाही."

शनिवारी डोंगराच्या कडेनं वर जाताना धुकं इतकं होतं की पुढची काठी तेवढी दिसायची, मनकर्णाबाई नाही. एका वळणावर माणसाच्या उंचीचा काळा दगड उभा होता, वर चुन्याचा जुना पुसट पट्टा. म्हातारीनं त्याच्यावर काठी टेकवली.

"हा घागरदगड. तू इथीच. पाठ करून उभा राहाचं."

"जराकसं पाहू दे ना वं, आत्या."

"तुले हक्क आहे का?"

प्रसेनजितनं मुकाट्यानं पाठ फिरवली. छापील अर्ज आणि पेन धम्मशीलेनं त्याच्या हातात दिलं. कागद घेताना त्यानं बोटं क्षणभर तशीच राहू दिली, आणि या वेळी तिनंही घाई केली नाही.

"तुमच्या आजीसाठी," तो हळूच म्हणाला. "जा."

कातळात कोरल्यासारख्या पाच पायऱ्या, आणि खाली... धम्मशीला बघतच राहिली. काळ्या खडकाच्या पोटाशी तो लाल पट्टा, आणि पट्ट्याच्या खालच्या चिरेतून पाणी येत होतं. अगदी शांत. खालच्या खळग्यात साठत होतं, आणि त्याच्यावर पांढरी वाफ तरंगत होती. खडकाच्या बारीक बारीक पोकळ्यांत गारगोटीचे स्फटिक चमकत होते. बायांच्या पावलांनी काठ गुळगुळीत झाला होता. तिनं गुडघे टेकले, हात पाण्यात घातला, आणि ती ऊब मनगटावरून थेट गळ्यापर्यंत आली. पन्नासेक वर्षांपूर्वी तिची आजी इथंच बसली होती. इथंच!

"आजी," ती म्हणाली, "सापडलं वं."

मग डोळे पुसून तिनं तापमापक धरला, आणि तिचा आवाज दरीत घुमला. "लिहा! एक्केचाळीस पूर्णांक आठ!"

दगडापलीकडून असली आरोळी आली, की झाडावरची पाखरं उडाली.

"एक्केचाळीस!" तो ओरडत होता. "ओ मॅडम! एक्केचाळीस!"

"पूर्णांक आठ!"

"पूर्णांक आठ!!"

नियमाप्रमाणे दहा दहा मिनिटांच्या अंतरानं तीन वेळा मोजायचं होतं. मनकर्णाबाई पाय पाण्यात सोडून डोळे मिटून बसल्या. मधली दहा मिनिटं पाण्याची आणि त्या दोघांची होती.

"कसा दिसते?" पलीकडून प्रश्न आला.

"काळा... आणि लाल... आणि वाफ. फार सुंदर आहे, प्रसेनजित." तिनं त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. पलीकडे पेन दगडावर पडल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"काही नाही. धुकं पाहून राह्यलो."

"तुम्हाला वाईट वाटत असेल ना, बघता येत नाही म्हणून?"

"वाटते," तो म्हणाला. "पण पाहाचा तर नियमानंच पाहीन."

धम्मशीलेला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मनकर्णाबाईंनी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटला. पाण्याची वाफ चेहऱ्यावर येत होती म्हणून गाल तापले, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

दुसऱ्यांदा एक्केचाळीस पूर्णांक आठ. तिसऱ्यांदाही तेच. पाण्याची बाटली भरली, मनकर्णाबाईंनी आधी वर घागरदगडापाशी जाऊन साक्षरता वर्गात शिकलेली सही सावकाश, एक एक अक्षर जपत केली. दुसरा साक्षीदार हवा होता. धम्मशीला वर आली तेव्हा प्रसेनजितनं आपला रकाना भरून कागद घडी घालून ठेवला होता.

"झालं लिहून?"

"झालं," तो म्हणाला. तिच्याकडे मात्र बघेना. "तुम्ही घरी... म्हंजे नंतर वाचा."

नंतर कुठलं? साडेदहा वाजले होते, फोनला रेंज सोनाळ्याशिवाय नाही. मनकर्णाबाईंना घरी सोडून जीप अशी सुटली, की टपावरची दगडाची पिशवीही उड्या मारत होती. स्टँडवर पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं. धम्मशीलेनं जीपच्या बॉनेटवर कागद पसरला, पटकन फोटो काढला आणि पाठवला. वाचायला उसंत कुठं होती!

पाचच मिनिटांत मॅडमचा फोन.

"धम्मशीला! एक्केचाळीस पूर्णांक आठ, तीनही वेळा! शाब्बास! लाल शेरा मी आत्ता खोडतेय, तू ऐक फक्त –" आणि खरंच पेनाचा खर्रकन आवाज आला. धम्मशीलेनं डोळे मिटून घेतले. तो आवाज ती जन्मभर विसरणार नव्हती.

"पण एक अडचण आहे," मॅडम पुढं म्हणाल्या. त्यांचा आवाज का कोण जाणे, हसू दाबल्यासारखा येत होता. "दुसऱ्या साक्षीदाराचा शेरा तू वाचलास का?"

"नाही, मॅडम..."

"मग वाच. त्याच्याखाली नोंद घेणाऱ्याचं मत लागतं, मान्य की अमान्य. तो रकाना तू रिकामा सोडलायस. बाराच्या आत भरून पाठव. आणि धम्मशीला... नीट विचार करून भर."

फोन बंद झाला. धम्मशीलेनं कागद उलगडला. सुबक अक्षरात लिहिलं होतं –

'साक्षीदाराचा शेरा : झिरा आहे. मी पाहिला नाही, पण आहे. खोटं लिहिणार नाही. बुधवारपासून अजून एक गोष्ट आहे, ती पण दिसत नाही, पण आहे. झिरा मला नियमानं पाहायचा आहे. मॅडमची तयारी असेल तर.'

तिनं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

"हे... हे सरकारी कागदावर लिहिलं तुम्ही?"

प्रसेनजितच्या चेहऱ्यावरचा सगळा मिस्कीलपणा पळाला होता. तो जीपच्या आरशाचा फडका उगाच पिळत होता. "तिथी लिहिलं होतं ना, साक्षीदारानं खरं ते लिहावं... म्हून खरं ते लिहिलं. मले काय माहीत तुम्ही न वाचता पाठवसान! खोडू का?"

"कोणी कोणी वाचलं असेल, माहीत आहे?"

"पुण्यानं," तो खजील होऊन म्हणाला.

अकरा वाजून पस्तीस मिनिटं. जीपच्या मागे भर गर्दी, रवी 'चला आंबाखोरी, आंबाखोरी' म्हणून ओरडत होता. धम्मशीलेनं पेन काढलं. यादीतल्या चौदाव्या ओळीसाठी ती दोन दिवस गुडघाभर पाण्यात फिरली होती. या ओळीसाठी मात्र तिला शोधावं लागलं नव्हतं. ती चार दिवसांपासून तिच्या शेजारीच उभी होती, दगडांची पिशवी खांद्यावर घेऊन.

तिनं लिहिलं – 'मान्य.' खाली लफ्फेदार सही केली, फोटो काढला, पाठवला, आणि कागद त्याच्या हातात ठेवला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. "काय मान्य? झिरा, का शेरा?"

"दोन्ही."

"नीट सांग ना," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी सुटलं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"सांगतलं ना बे, दोन्ही!" धम्मशीला भर स्टँडवर ओरडली, अस्सल वऱ्हाडीत. मागच्या अकरा माणसांनी माना वळवल्या, आणि तिला मुळीच लाज वाटली नाही.

बाराच्या ठोक्याला मॅडमनं यादीच्या पानाचा फोटो पाठवला. '१४. बाळंतझिरा, आंबाखोरी. ४१.८ अंश.' आणि शेऱ्याच्या रकान्यात, निळ्या शाईत, एकच शब्द – 'आहे.'

ते पान दाखवायला दोघं परत आंबाखोरीला गेले. पारावर शेषराव बसले होते. ते काही बोलले नाहीत, बोलायची सोयच नव्हती. पण धम्मशीला जवळून गेली तेव्हा मफलर सोडून त्यांनी तिला रामराम घातला. मनकर्णाबाई अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. समोर चिंचेचा कोळ, हातात तांब्याची मोठी घागर, काळीठिक्कर पडलेली. त्या ती दोन्ही हातांनी घासत होत्या.

"हे काय वं, आजी?" धम्मशीला कानापर्यंत लाल झाली. "आतापासून कशाले? अजून तर..."

"नऊ वर्षांचं काळं आहे, पोरी," मनकर्णाबाई मान वर न करता म्हणाल्या. "घासाले टाइम लागते. तुम्ही तुमच्या सवडीनं या."